मशिदीचा आराखडा आणि गल्ल्याचा हिशेब



माझगावसारख्या दाट वस्तीत एखाद्या मोकळ्या जागेला पत्र्याचे कुंपण पडले, की आत काय उभे राहणार याची चर्चा इमारतीच्या आधी उभी राहते. तेथे निवासी इमारत येणार असेल, तर शेजारी विचारतात की पाणी पुरेल काय. गोदाम येणार असेल, तर विचारतात की मालमोटारी कोठे उभ्या राहणार. आणि तेथे मशीद येणार असल्याचे कळले, तर हेच प्रश्न विचारले जातात. पण त्यांचा स्वर बदलतो. पाण्याच्या आणि वाहनांच्या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न येतो, पैसा कोणाचा? आणि त्याच्याही मागे, बहुधा न उच्चारलेला, तिसरा प्रश्न असतो, हे लोक कोण?

या विवेचनाचा विषय हे तीन प्रश्न होत. पहिला नियोजनाचा आहे, दुसरा हिशेबाचा आहे. हे दोन्ही प्रश्न विचारण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे. किंबहुना ते विचारले जात नाहीत, हीच आपल्या सार्वजनिक जीवनाची तक्रार आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर राज्यघटनेने देऊन टाकलेले आहे आणि तो नव्याने विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. अडचण एवढीच, की व्यवहारात हे तिन्ही प्रश्न एकाच वाक्यात विचारले जातात. ते वेगळे कसे करावेत, हे कार्यकर्त्याने शिकले पाहिजे. कारण ते वेगळे केले नाहीत तर तिसरा प्रश्न पहिल्या दोघांना गिळून टाकतो. याचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. तो माझगावच्याच इतिहासात आहे.

प्रथम या भूमीकडे पाहिले पाहिजे. बंदराच्या काठच्या या टेकाडावर कोळी आणि भंडारी होते. पोर्तुगीज आले, पारशी आले, खोजा आणि कोकणी मुसलमान आले, गोद्यांच्या कामासाठी घाटावरचा आणि कोकणचा श्रमिक आला. घोडपदेवाचे देऊळ, म्हातारपाखाडीतील क्रूस, हसनाबादची पहिल्या आगाखानांची कबर आणि चिनी खलाशांनी १९१९ साली उभारलेले सी यिप कून मंदिर, हे सारे एका दुपारच्या पायपिटीत पाहून होते. यांपैकी प्रत्येक वास्तू कधी तरी नवी होती, आणि तिच्या उभारणीच्या दिवशी कोणीतरी शेजारी कपाळाला आठ्या घालून उभा असेलच.

ग्लोरिया चर्चची कथा तर नियोजनाच्या दृष्टीने मुद्दाम सांगण्याजोगी आहे. १६३२ साली बांधलेले हे चर्च माझगावात होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेसाठी ती जागा हवी झाली. सुमारे तीन शतकांची परंपरा असलेली ती वास्तू उतरवण्यात आली आणि १९१३ पर्यंत भायखळ्याला नवी इमारत उभी राहिली. श्रद्धा स्थलांतरित झाली, पण नष्ट झाली नाही. धर्मस्थळाच्या जागेची चर्चा शहराच्या गरजांच्या भाषेत करता येते, एवढा धडा या घटनेतून निश्चित मिळतो. म्हातारपाखाडीचे सुपुत्र काका जोसेफ बॅप्टिस्टा लोकमान्यांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, कामगार चळवळीच्या उभारणीत अग्रभागी राहिले आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झाले, तेव्हा त्यांना त्यांच्या क्रुसाचा हिशेब विचारून कोणी मते दिली नव्हती. माझगावचा वारसा हा असा आहे.

आता नियोजनाचा प्रश्न. तो पोकळ आहे, धर्मद्वेषाचा बुरखा आहे, असे म्हणून त्याची वासलात लावणे हा समाजवादी कार्यकर्त्याचा नेहमीचा प्रमाद आहे. अरुंद गल्लीत शुक्रवारी दुपारी पाचशे माणसे एकत्र येणार असतील, तर अग्निशामक दलाचा बंब आत शिरेल काय, हा प्रश्न तेथे राहणाऱ्या मुसलमान कुटुंबाचाही असतो. इमारतीला जिने किती, गर्दी पांगण्याचा मार्ग कोणता, वजूसाठी लागणारे पाणी कोठून येणार, सांडपाण्याची नळी किती जुनी, या गोष्टींना धर्म नसतो. नियोजनाच्या हेळसांडीची किंमत माझगावाने मोजलेली आहे. २७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे बाबू गेनू मंडईची महापालिकेच्याच मालकीची इमारत कोसळली आणि ६१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत प्रामुख्याने महापालिकेचे कर्मचारी आणि त्यांची कुटुंबे होती. तळमजल्याच्या गोदामात केलेल्या फेरफारांकडे तेव्हा बोट दाखवले गेले. ज्या प्रभागाने हे पाहिले, त्या प्रभागातील माणसाने कोणत्याही नव्या इमारतीचा आराखडा पाहायला मागितला, तर तो त्याचा हक्क आहे.

परंतु हक्काबरोबर समतेची अट येते. मशिदीच्या वाहनतळाची चौकशी करणाऱ्याने लग्नाच्या सभागृहाच्या, देवळाच्या विस्ताराच्या आणि पदपथावर दर वर्षी काही बोटांनी वाढणाऱ्या देव्हाऱ्याच्या बाबतीतही तीच चौकशी केली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ च्या अंतरिम आदेशात रस्ते, उद्याने आणि सार्वजनिक जागा यांवर कोणत्याही धर्माच्या नावाने अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये असे बजावले, तेव्हा मंदिर, मशीद, चर्च आणि गुरुद्वारा यांची नावे एकाच ओळीत घेतली. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियमही असेच आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा अजानला आहे, आरतीला आहे आणि नेत्याच्या वाढदिवसाच्या वाद्यवृंदालाही आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही असे सांगितले, त्यातील ‘कोणत्याही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो वगळून जो निकाल वाचतो, तो निकाल वाचत नसतो. आपले मन वाचत असतो.

नियोजनाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. वस्तीत मुसलमानांची संख्या वाढते, जुनी मशीद अपुरी पडते, आणि नवी मशीद किंवा जुनीवर मजला चढवण्यास विरोध होतो. मग काय घडते? नमाज पढणारा माणूस नाहीसा होत नाही. तो रस्त्यावर चटई अंथरतो. आणि मग ज्यांनी छताला हरकत घेतली, तेच रस्त्याला हरकत घेतात. या चक्राची परिणती मुंबईने पाहिलेली आहे. २६ डिसेंबर १९९२ पासून शहरात महाआरत्यांचे सत्र सुरू झाले, तेव्हा रस्त्यावरील नमाज आणि भोंग्यांवरील अजान हीच त्यामागची कारणे म्हणून पुढे करण्यात आली होती. महाआरतीहून परतणाऱ्या जमावांनी काही ठिकाणी काय केले, याची नोंद न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत ९०० माणसे मारली गेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. त्या हत्याकांडाची मुळे अर्थात अयोध्येत आणि राजकारणात होती. वाहनतळाच्या अभावामुळे कोणी कोणाला मारत नाही. पण द्वेषाला रोजच्या गैरसोयीची ठिणगी लागते, आणि ती गैरसोय दूर करणे हे नियोजनाचे काम असते. म्हणून पुरेशी, सुरक्षित आणि परवानगी घेऊन बांधलेली मशीद ही शेजाऱ्यांच्याही हिताची गोष्ट आहे.

आता पैशाचा प्रश्न. येथे आधी थोडी माहिती आवश्यक आहे, कारण अज्ञानाइतके अफवेला पोषक काही नसते. सर्वसाधारण समज असा, की जकातीच्या पैशातून मशिदी उभ्या राहतात. वस्तुतः जकात ही गरीब, कर्जबाजारी, वाटसरू अशा ठरावीक आठ वर्गांसाठी असते आणि बहुसंख्य धर्मशास्त्रज्ञांच्या मते तिच्यातून मशीद बांधता येत नाही. मशिदीसाठी येतो तो स्वेच्छेचा चंदा : शुक्रवारच्या पेटीतील नाणी, फेरीवाल्याची आणि यंत्रमागावरच्या कामगाराची मदत, एखाद्या व्यापाऱ्याची देणगी आणि न्यासाच्या जुन्या चाळींचे व दुकानांचे भाडे. या भाड्याच्या बाबतीत भाडेनियंत्रणामुळे उत्पन्न तुटपुंजे आणि जमिनीची किंमत मात्र अफाट, अशी मुंबईतील सर्व धर्मांच्या न्यासांची विचित्र स्थिती झालेली आहे. खरी भीती तेथे आहे. मशिदीच्या नावाने जमीन विकसकाच्या घशात गेली आणि पागडीवर राहणारी माणसे रस्त्यावर आली, तर नुकसान प्रथम मुसलमान भाडेकरूचेच होते. म्हणून हिशेबाची पहिली गरज त्या चंदा देणाऱ्या माणसाला आणि त्या भाडेकरूला असते.

आणि त्या माणसाने तो हिशेब मागितला नाही, असे मात्र मुळीच नाही. येथे माझगावचा इतिहास पुन्हा पुढे येतो. पहिले आगाखान हसन अली शाह इराणमधून अफगाणिस्तान आणि सिंधमार्गे १८४० च्या दशकात मुंबईत आले आणि पुढे येथेच स्थायिक झाले. नेसबिट रस्त्यावरचा आगा हॉल हे त्यांच्या घराण्याचे स्थान. १८८१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि हसनाबादला त्यांचे दफन झाले. ते येथे येण्याच्या पुष्कळ आधीपासूनच मुंबईच्या खोजा जमातीत एक कलह धुमसत होता. उत्पन्नाचा ठरावीक भाग इमामांना देण्याची रीत होती आणि जमातीतील काही प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनी तो देण्यास नकार दिला होता. त्यांना जमातीबाहेर काढण्यात आले, पुन्हा घेण्यात आले, पुन्हा काढण्यात आले. १८५० साली माहीमच्या जमातखान्यात चार खोजांची हत्या झाली, इतका हा कलह विकोपाला गेला. अखेर सुधारक गट मुंबई उच्च न्यायालयात गेला. त्याची मागणी काय होती? जमातीच्या मालमत्तेचा हिशेब घेतला जावा, आणि जमातीचे मुखी व कामडिया हे पदाधिकारी वेळोवेळी निवडले जावेत. आजच्या कोणत्याही सहकारी संस्थेच्या सभासदाला शोभावी अशी ही मागणी होती.

परंतु या मागणीला आणखी एक मागणी जोडली गेली. खोजा हे मूळचे सुन्नी आहेत, म्हणून जमातीची मालमत्ता सुन्नी खोजांसाठीच असावी आणि आगाखानांचा तिच्याशी संबंध राहू नये, असे वादींचे म्हणणे पडले. त्या क्षणी खटल्याचे स्वरूप पालटले. न्यायमूर्ती सर जोसेफ अर्नोल्ड यांच्यासमोर हिशेबाच्या वह्यांऐवजी शतकांपूर्वीचे धर्मांतर, धर्मप्रचारक आणि दुआ यांची छाननी झाली. खोजा कोण, हाच मुख्य प्रश्न ठरला. १२ नोव्हेंबर १८६६ रोजी निकाल लागला : खोजा हे शिया इमामी इस्माईली आहेत, आगाखान हे त्यांचे इमाम आहेत आणि परंपरागत देणी त्यांना मिळण्यास पात्र आहेत. दावा फेटाळला गेला. त्या निकालाच्या धार्मिक बाजूविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. इस्माईली समाजाची आपल्या इमामांवरील निष्ठा खरी होती आणि त्या समाजाने पुढे शिक्षण व आरोग्य या क्षेत्रांत केलेले कार्य सर्वज्ञात आहे. लक्षात घ्यायचे ते इतकेच, की ‘पैसा कोठे गेला?’ या प्रश्नाला ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न चिकटला आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर न देताच खटला संपला.

यानंतर सुमारे अर्धशतकाने याच शहरात दुसरा खटला झाला. कोट विभागात दाऊदी बोहरा समाजातील सेठ चांदाभाई यांची कबर आहे. भाविक तेथील गल्ल्यात पैसे टाकत. त्या गल्ल्याचा मालक कोण आणि हिशेब कोणी द्यायचा, हा वाद १९१७ साली उच्च न्यायालयात आला. सर आदमजी पीरभाई यांच्या पुत्रांच्या पुढाकाराने अॅडव्होकेट जनरलनी दावा लावला. धर्मगुरूंच्या वतीने सांगण्यात आले, की त्यांचे स्थान सामान्य विश्वस्ताचे नाही आणि त्यांना कोणी हिशेब विचारू शकत नाही. न्यायमूर्ती मार्टेन यांनी १९२१ साली निकाल दिला. धर्मगुरूंच्या आध्यात्मिक अधिकारात न्यायालयाने हात घातला नाही. परंतु मशीद, कबर आणि गल्ला ही धर्मादाय मालमत्ता आहे, तिचे व्यवस्थापन करणारा हा विश्वस्त आहे आणि विश्वस्त हिशेबाला बांधलेला आहे, असे स्पष्ट केले.

दोन खटले, एकच शहर, जवळपास एकच मागणी. पण निष्पत्ती भिन्न. याला कायद्यातील आणि परिस्थितीतील अनेक कारणे आहेत, हे खरे. परंतु कार्यकर्त्याने घ्यावा असा बोध स्पष्ट आहे. १८६६ मध्ये वादींनी ओळखीचा प्रश्न विचारला आणि हिशेब गमावला. १९२१ मध्ये वाद गल्ल्याच्या मालकीवर आणि विश्वस्ताच्या जबाबदारीवर केंद्रित राहिला, आणि हिशेबाचे तत्त्व प्रस्थापित झाले. आज जो शेजारी ‘मशिदीचा पैसा कोठून आला?’ असे विचारताना प्रत्यक्षात ‘तुम्ही येथे का आहात?’ असे विचारतो, तो १८६६ च्या वादींचीच चूक अधिक वाईट रीतीने करतो. त्याच्या प्रश्नाने चंदा देणारा गरीब मुसलमान आपल्या विश्वस्तांच्या मागे गुमान जाऊन उभा राहतो. बाहेरून आलेला संशय हे आतल्या सत्ताधाऱ्याचे सर्वात भक्कम कवच असते.

हिशेबाचे हे तत्त्व पुढे कायद्यात उतरले. १९२३ च्या मुसलमान वक्फ कायद्याने मुतवल्लींवर हिशेब सादर करण्याची जबाबदारी टाकली. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने देऊळ, मठ, चर्च, वक्फ, सर्वांना एकाच धर्मादाय आयुक्तांपुढे आणले. नोंदणी, लेखापरीक्षण आणि स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी परवानगी ही बंधने सर्वांना सारखी लावली. गणेशोत्सवाच्या मंडळाला वर्गणीसाठी घ्यावी लागणारी परवानगी याच कायद्याखालची आहे. हा कायदा घटनेशी विसंगत आहे, असा आक्षेप घेणारा रतिलाल पानाचंद गांधी खटला एका जैन मंदिराच्या व्यवस्थापकाने लढवला, हेही ध्यानात ठेवावे. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्माचरण आणि धर्मसंस्थेच्या मालमत्तेचे प्रशासन यांत रेषा आखली : पहिल्यात राज्याने लुडबूड करू नये, दुसऱ्याचे कायद्याने नियमन करता येते, मात्र नियमनाच्या नावाखाली व्यवस्थापनाचा हक्कच समाजाकडून काढून घेता येत नाही. धर्मनिरपेक्षतेची याहून सोपी व्याख्या क्वचितच सापडेल.

पुढे चित्र गुंतागुंतीचे झाले. १९९५ च्या वक्फ कायद्यानंतर महाराष्ट्रात २००२ साली राज्य वक्फ मंडळ स्थापन झाले. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले मुसलमानांचे सर्व न्यास आपोआप वक्फ ठरतात काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि २०२२ साली, प्रत्येक मुस्लिम सार्वजनिक न्यास म्हणजे वक्फ नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने वक्फ मालमत्तांची तपशीलवार नोंद मध्यवर्ती संकेतस्थळावर करणे सक्तीचे केले. त्याच कायद्यातील जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार आणि वक्फ करणारा पाच वर्षे इस्लामचे आचरण करणारा असावा ही अट, यांना सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी अंतरिम स्थगिती दिली. या कायद्याविषयी समाजवाद्यांनी घ्यावयाची भूमिका १९५० आणि १९५४ च्या वाटेवरच आहे. नोंद हवी, लेखापरीक्षण हवे. परंतु एकाच धर्माच्या माणसाला आपल्या धर्माचरणाचा पुरावा द्यायला लावणारी अट ही हिशेबाची मागणी नसून तोच तिसरा, निषिद्ध प्रश्न आहे.

परदेशी पैशाची चर्चा हमखास होते, म्हणून तिचाही खुलासा केला पाहिजे. परकीय देणग्यांचे नियमन करणारा पहिला कायदा १९७६ साली, आणीबाणीच्या काळात झाला, तेव्हा अनेक समाजवादी साथी तुरुंगात होते. २०१० साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी प्रत्येक देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते. म्हणजे ‘आखाती पैसा आला’ असे चहाच्या टपरीवर सांगणाऱ्याला विचारता येते, की संबंधित संस्थेची नोंदणी आहे काय, तिची विवरणपत्रे कोणी पाहिली काय? पाहिली नसतील, तर ती माहिती नव्हे, कुजबूज आहे. आणि नियमभंग खरोखर झाला असेल, तर तक्रारीची जागा शासनयंत्रणा आहे, नाक्यावरचा जमाव नव्हे.

हा पेच भारतातच आहे असेही नाही. जर्मनीतील कोलोन शहराच्या एरेनफेल्ड भागात मध्यवर्ती मशिदीचा आराखडा पुढे आला, तेव्हा ५५ मीटर उंचीच्या मिनारांवरून आणि वाहतुकीवरून मोठा वाद झाला. अतिउजव्या गटाने त्याचे भांडवल केले. २००८ साली नगरपरिषदेने खुल्या चर्चेनंतर बहुमताने आराखडा संमत केला. नियोजनाचा प्रश्न लोकशाही मार्गाने सुटला. परंतु मशीद बांधणारी संस्था तुर्कस्तानच्या सरकारी धर्मखात्याशी बांधलेली होती; २०१८ साली औपचारिक उद्घाटन तुर्की राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांच्या हस्ते झाले आणि कोलोनच्या महापौर त्याला गैरहजर राहिल्या. ज्या स्थानिक नागरिकांनी अतिउजव्यांविरुद्ध या मशिदीची पाठराखण केली होती, त्यांना ती आपल्या शहराची न वाटता परक्या सरकारची वाटू लागली, ही त्या समारंभाची शोकांतिका. पैसा आणि नियंत्रण यांचा प्रश्न शिष्टाचारापोटी टाळला, तर तो असा उलटतो. याच्या विरुद्ध टोकाला ऑस्ट्रिया आहे. त्या देशाने २०१५ साली मुस्लिम धर्मसंस्थांच्या नित्य खर्चासाठी परदेशी पैसा घेण्यास बंदी घातली. पण ती एका धर्मापुरतीच, आणि त्यामुळे न्याय्य वाटू शकणाऱ्या नियमाला पक्षपाताचा डाग लागला. एका शहराने प्रश्न पुरेसा विचारला नाही, एका देशाने तो एकालाच विचारला.

आपल्या चळवळीनेही या दोन्ही चुका केलेल्या आहेत, हे कबूल केले पाहिजे. अल्पसंख्याकांना दुखवू नये म्हणून विश्वस्तांच्या मनमानीकडे काणाडोळा करणे, ही एक चूक. तिची किंमत हमीद दलवाई यांच्यासारख्या माणसाने मोजली. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना करणारा हा समाजवादी लेखक सनातन्यांचा विरोध झेलत राहिला आणि पुरोगामी म्हणवणारे अनेक जण दुरून पाहत राहिले. बोहरा सुधारणा चळवळीचे असगर अली इंजिनियर यांच्या वाट्यालाही शारीरिक हल्ले आले. बोहरा सुधारकांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या नथवानी आयोगाच्या पाठीशी जयप्रकाशजींच्या प्रेरणेने उभी राहिलेली ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’ ही संघटना होती, ही त्या काळातील अभिमानाची बाब. दुसरी चूक याच्या उलट : मते हातची जाऊ नयेत म्हणून ‘स्थानिकांच्या भावना’ या शब्दांआड लपून द्वेषाच्या मोर्चात मागच्या रांगेत चालणे. पहिली चूक भित्रेपणाची आहे; दुसरी विश्वासघाताची.

येथे एक हरकत घेतली जाईल. तत्त्व ठीक आहे, पण सर्वांना एकच माप लावण्याची भाषा बहुसंख्याकांच्या हाती गेली, की तिचा उपयोग फक्त मशिदीविरुद्ध होतो. हरकत खरी आहे. म्हणूनच माप लावण्याचा क्रम महत्त्वाचा. ज्या कार्यकर्त्याने आपल्या गल्लीतील गणेशोत्सव मंडळाच्या जमाखर्चाचा फलक लावून घेतला आहे, ज्याने आपल्या देवळाच्या विश्वस्तांना लेखापरीक्षकाचा अहवाल मागितला आहे, त्यालाच मशिदीच्या विश्वस्तांसमोर उभे राहण्याचे नैतिक बळ मिळते. हिशेबाची सुरुवात स्वतःच्या पेटीपासून व्हावी.

त्यानंतरचे काम साधे आणि कष्टाचे आहे. वस्तीत नवे धर्मस्थळ, मग ते कोणाचेही असो, प्रस्तावित झाले, की कार्यकर्त्याने प्रथम माहिती मिळवावी : जागेचे आरक्षण काय, परवानगी कोणत्या टप्प्यावर, न्यास नोंदलेला आहे काय, विश्वस्त कोण. आरक्षण बदलायचे असेल, तर हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्या मुदतीत आणि लेखी द्याव्यात. मग बैठक घ्यावी, आणि ती विरोधाची किंवा समर्थनाची न ठेवता आराखडा समजून घेण्याची ठेवावी. तीत शेजारची कुटुंबे असावीत, जमातीचे विश्वस्त असावेत आणि चंदा देणारे सामान्य नमाजीही असावेत. जिने, पाणी, वाहने, आवाज, बांधकामाची वेळ यांवर लेखी समझोता करावा. देणग्यांचा गोषवारा मशिदीच्या दारावर दर वर्षी लावला जावा, अशी विनंती करावी. हुकूम सोडू नये. आणि आराखड्यात स्त्रियांसाठी जागा आहे काय, हा प्रश्न विचारू पाहणाऱ्या मुस्लिम भगिनींच्या पाठीशी उभे राहावे. हाजी अलीच्या दर्ग्यात कबरीपर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्क २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला, तो भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी मागितला म्हणून. त्याही खटल्यात, सार्वजनिक न्यासाला असा भेदभाव करता येत नाही, हा मुद्दा निर्णायक ठरला. आतल्या माणसाच्या न्यायाच्या मागणीला बाहेरच्या माणसाने साथ द्यावी. तिची जागा बळकावू नये.

बैठकीतून सर्वांचे समाधान होईलच असे नाही. काही जणांना कोणत्याही आराखड्यात मशीद नकोच असेल. त्यांच्याशीही बोलले पाहिजे, पण त्यांच्या नाराजीला नियोजनाचे प्रमाणपत्र देऊ नये. आणि एखादा विश्वस्त आमचा धर्म आहे, तुम्हांला काय करायचे असे म्हणून दार लावून घेईल. त्याला १९२१ चा निकाल शांतपणे ऐकवावा : इबादत तुमची, हिशेब सर्वांचा.

माझगावच्या टेकाडावर उभे राहिले, की खाली गोद्या दिसतात. त्या गोद्यांत कोकणी मुसलमान खलाशी आणि घाटावरचा हमाल एकाच बोटीचा माल उतरवत आले. मजुरी कमी मिळाली, तर दोघे मिळून मुकादमाला हिशेब विचारत. आणि मुकादम जेव्हा एकाला दुसऱ्याची जात आणि धर्म ऐकवू लागे, तेव्हा आज मजुरी कापली जाणार हे दोघांनाही कळत असे. कामगार चळवळीने शिकवलेले हे शहाणपण मशिदीच्या आराखड्यालाही पुरेसे आहे. हिशेब मागावा, सर्वांनी मिळून मागावा आणि सर्वांकडे मागावा.